सिंफोरियानाची घंटी

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी निमिया खोगीरवाल्याच्या दुकानात थांबली. वासरांच्या गळ्यात बांधतात तसल्या लहान घंट्या तिला हव्या होत्या. जानेवारीचा महिना, म्हणजे इथला भर उन्हाळा, उन्हानं आत्तापासूनच रस्त्यावरची लाल माती तापवायला घेतली होती. म्हातारा खोगीरवाला उंबऱ्याशी बसून तेरेरेचे, म्हणजे पानं भिजवलेल्या गार पाण्याचे, घोट घेत होता.

"काय डॉक्टरीणबाई, गाई पाळल्यात की काय?" त्यानं विचारलं.

"गाई परवडल्या असत्या, काका. मी माणसं पाळलीत, तीही मुकी."

"पण गेल्या साली तर नेल्या होत्या की घंट्या. त्या कुठं गेल्या?"

"साहेबांच्या कपाटात गेल्या," निमिया म्हणाली. म्हाताऱ्यानं घंट्या कागदात गुंडाळून दिल्या, वर तेरेरेचा एक पेला पुढे केला. तो पिऊन ती निघाली.

आता ही निमिया कोण, ते सांगतो. डॉक्टर निमिया इन्स्फ्रान. पुएर्तो येरुतीच्या सरकारी दवाखान्यातली कान-नाक-घशाची सर्जन. नदीच्या दोन्ही काठांवर, राजधानीपर्यंत, या कामाचं दुसरं माणूस नाही. राजधानीत शिकली, ब्वेनोस आयरेसला जाऊन हात पक्का केला, तिथल्या मोठ्या सर्जननं "इथंच राहा" म्हणून गळ घातली, तर ही वेडी गावाकडं परत आली. आयुष्य गेलं ते पोरांच्या नाकातून मक्याचे दाणे काढण्यात, मजुरांच्या कानातले किडे काढण्यात आणि रविवारी जेवून उठलेल्या जावयांच्या घशातून माशांचे काटे उपसण्यात. गावात तिची चेष्टाही चालायची. निमियाबाईंशी लग्न कोण करणार, त्या आधी जबडा उघडायला सांगतात, असं लोक म्हणायचे. तीही हसायची.

पण तिच्या कामात एक गोष्ट होती जिथं ती कुणाला हसू द्यायची नाही. घशात गाठ झाली, श्वास कोंडला, की ती गळ्याला समोरून भोक पाडायची आणि श्वासनळीत एक दुहेरी नळी बसवायची. माणूस त्या नळीतून श्वास घेतो, जगतो, पण त्याचा आवाज जातो. हाक मारता येत नाही, ओरडता येत नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत नळीत कफ वाळतो, खपली धरते, वाट अरुंद होते आणि श्वास शीळ घातल्यासारखा वाजायला लागतो. आतली नळी उपसून धुतली की झालं. कुणीही करू शकतं. फक्त कुणीतरी यायला हवं, म्हणून निमिया अशा प्रत्येक रुग्णाच्या मनगटाला घंटी बांधायची. आणि नर्सांना एकच धडा पुन्हापुन्हा द्यायची, "शीळ ऐकली की चाला. शीळ थांबली की धावा. शीळ वाजतेय तोवर वारा आत जातोय. थांबली म्हणजे दार बंद झालं."

गेल्या जानेवारीत याच दवाखान्यात शेवटच्या खाटेवर सिंफोरियाना होती. बाजारात डोक्यावर टोपली घेऊन चिपा विकणारी बाई. चिपा म्हणजे चीज घातलेले कडक पाव. तिची आरोळी नदीच्या पलीकडे ऐकू जायची म्हणतात. ओठांत सदा काळ्या तंबाखूचा जाडजूड चिरूट. त्या चिरुटानंच घसा खाल्ला. निमियानं तिचं स्वरयंत्र काढलं, नळी बसवली. बाई मुकी झाली, पण हरली नाही. खाणाखुणांनी अख्ख्या वॉर्डाला हसवायची, औषध देणाऱ्या नर्सची नक्कल करायची. तिच्या घंटीचा लोलक तुटला होता, खोगीरवाल्यानं त्याजागी घोड्याच्या नालेचा खिळा अडकवून दिला होता. त्यामुळे ती किणकिणायची नाही, खड्-खड् असा भरड आवाज करायची. डोळे मिटूनही कळायचं, सिंफोरियाना बोलावतेय.

आणि त्या शेवटच्या खाटेच्या भिंतीपलीकडे डायरेक्टर रेकाल्देसाहेबांची खोली होती. अख्ख्या दवाखान्यात गार हवेचं यंत्र फक्त तिथं. साहेब जेवले की आडवे व्हायचे. वामकुक्षी तर सगळं गावच करतं, त्याला कुणाची ना नाही. पण साहेबांची वामकुक्षी म्हणजे देवाची शेजारती. खड्-खड् झाली की भिंतीवर बुक्की बसायची. एक दिवस साहेब स्वतः आले आणि सगळ्यांच्या मनगटावरच्या घंट्या सोडवून घेऊन गेले. "हा दवाखाना आहे की गोठा?" म्हणाले. कफ ओढायचं सक्शन मशीन तर आधीच त्यांनी आपल्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं, चार दिवसांसाठी म्हणून. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत.

निमिया तेव्हा राजधानीत होती. दुसरं मशीन मिळावं म्हणून मंत्रालयाच्या बाकावर बसून होती. आणि इकडे भर दुपारी वॉर्डात शीळ वाजायला लागली.

आता दुपारची शीळ म्हणजे इथं काय असतं, ते इथल्या माणसालाच ठाऊक. जासी जातेरे. सोनेरी केसांचा बुटका, हातात सोन्याची काठी. भर दुपारी, सगळं निजलेलं असताना शीळ घालत फिरतो आणि न झोपलेली पोरं उचलून रानात नेतो. त्याची शीळ ऐकली की दारं-खिडक्या लावायच्या, पोरांना पोटाशी घ्यायचं, हूं की चूं करायचं नाही. आईच्या दुधाबरोबर शिकलेली गोष्ट. वॉर्डात शीळ वाजली तशा बायकांनी खिडक्या ओढून घेतल्या. ड्यूटीवरची देओलिंदामावशी, या दवाखान्यात वीस उन्हाळे काढलेली नर्स, ती चादरींच्या खोलीत शिरली आणि जपमाळ घेऊन बसली. शीळ बराच वेळ वाजत होती. एक बाई आपला श्वास वाजवून वाजवून हाक मारत होती आणि सगळे तिच्यापासून लपून बसले होते. मग शीळ थांबली. देओलिंदा म्हणाली, "गेला बाई एकदाचा." आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

साहेबांनी कारण लिहिलं, हृदय बंद पडलं. अहो, हृदय कुणाचं बंद पडत नाही मरताना? निमियानं परत आल्यावर साहेबांच्या तोंडावर सांगितलं, "तुम्ही तिची हाक काढून घेतलीत." साहेब म्हणाले, "म्हातारी होती, चिरूट ओढायची, आज ना उद्या जायचीच होती. कशाला राईचा पर्वत करता?" चोर तो चोर, वर शिरजोर. निमियानं त्यांच्या कपाटातून ती खिळ्याची घंटी काढली आणि शवपेटीत सिंफोरियानाच्या मनगटाला लाल दोऱ्यानं स्वतः बांधली. पेटीचं झाकण तिच्यासमोर ठोकलं गेलं. हे लक्षात ठेवा.

तर, या जानेवारीत त्याच शेवटच्या खाटेवर लिब्रादा होती. लहानगी पोर, दुधाचे दात पडायला लागलेली. स्वरयंत्रात चामखिळीसारख्या गाठी वाढल्या होत्या. निमिया त्या थोड्याथोड्या करून काढत होती. पुरतं साफ होईपर्यंत गळ्यात नळी ठेवणं भाग होतं. निमियानं सकाळी आणलेल्या नव्या घंट्यांतली सगळ्यात चकचकीत घंटी तिला बांधली. पोरीनं ती हलवून पाहिली आणि आवाज न करता हसली.

"डॉक्टरीणबाई, जरा इकडं येता?" देओलिंदामावशीनं तिला बाजूला घेतलं. "या पोरीला दुसऱ्या खाटेवर हलवा."

"का?"

"दुपारी... परत वाजतेय. चार दिवस झाले."

निमियाचं डोकं फिरलं. "आणि तुम्ही काय केलंत, मावशी? परत चादरींत जाऊन बसलात?"

"नाही हो. शपथ. मी गेले. माळ हातात घेऊन का होईना, गेले. पोरीची नळी काढून पाहिली. आरशासारखी साफ. आणि शीळ... शीळ चालूच. पोरीच्या गळ्यातून नाही. उशापासून कुठूनतरी."

निमियाला ते खरं वाटलं नाही. त्या दुपारी ती घरी गेली नाही, खाटेजवळ खुर्ची टाकून बसली. बाहेर आंब्याखाली कुत्री जीभ काढून पडली होती. गाव चिडीचूप. लिब्रादा झोपली, नळीतून मऊ, मोकळा श्वास येत होता. आणि मग ती आली. बारीक, लांब, कोरडी शीळ. आत जाताना उंच, बाहेर येताना खाली. निमियानं असे श्वास आयुष्यभर ऐकले होते. हा जासी जातेरे नव्हता, पाखरू नव्हतं, फटीतला वारा नव्हता. ही वाळलेल्या नळीची शीळ होती. तिनं पोरीच्या गळ्याला कान लावला. साफ. ती उठून भिंतीपाशी गेली. शीळ भिंतीतून येत होती, साहेबांच्या खोलीकडून. आणि खाटेभोवती काळ्या तंबाखूचा वास दाटला होता. वॉर्डात तर कुणी ओढत नव्हतं.

तिच्या हातावर काटा आला. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा तिला राग आला होता. मेल्यावरही या बाईला शीळच घालावी लागतेय, आणि अजून कुणी ऐकत नाही.

"ऐकतेय मी," ती हळूच म्हणाली. "ऐकतेय, सिंफोरियाना."

शीळ थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत वॉर्डात आले. डोळे तांबारलेले. "कोण शीळ घालतं दुपारचं? आणि ह्या घंट्या परत आल्या? इन्स्फ्रानबाई, मी एकदा सांगितलं होतं."

"एकदा सांगितलं होतंत आणि एक बाई मेली होती," निमिया म्हणाली. सगळा वॉर्ड ऐकत होता. "ह्या पोरीच्या घंटीला हात लावाल तर याद राखा."

साहेब हसले. नाकानं कांदे सोलणारी माणसं हसतात तसं. तेव्हा ते निघून गेले, पण निमिया दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्यांनी स्वतः येऊन लिब्रादाच्या मनगटावरची घंटी सोडली. पोरीची आई रडत होती, तिला म्हणाले, "बाई, तुम्हीपण जरा पडा. पोर झोपलीय." आणि दार लोटून घेतलं.

निमियानं घरी ताटावर बसून पहिला घास घेतला आणि तिच्याच खिडकीखाली शीळ वाजली. ती उठली. शीळ अंगणात गेली. ती अंगणात आली. शीळ रस्त्यावर. भर उन्हात रस्ता ओस पडलेला, एकेका घराची खिडकी आतून बंद होत होती, आणि ती बाई अनवाणी शिळेच्या मागे चालली होती. खिडकीआडून कुणीतरी कुजबुजलं, "डॉक्टरीणबाई, जाऊ नका... मागं जाऊ नका..." ती चालत राहिली. दवाखान्याच्या फाटकाशी आली आणि शीळ एकदम तुटली.

शीळ थांबली की धावा. ती धावली.

वॉर्डाच्या खिडक्या लावलेल्या. अंधारात ताप आणि फिनेलचा वास. पण त्याच्याही वर काळी तंबाखू. लिब्रादाची आई खाटेच्या पायाशी बसल्या जागी झोपली होती. पोर निळी पडली होती. डोळे उघडे, छाती हलत होती, पण वारा आत जात नव्हता. नळी पुरती बंद. जिचा श्वास आत जात नाही, ती शीळ कुठून घालणार? निमियानं आतली नळी उपसली, तरी वाट मोकळी होईना. खपली खाली श्वासनळीत अडकली होती. सक्शन मशीन गावाच्या पलीकडे साहेबांच्या खाजगी दवाखान्यात भिंतीला टेकून उभं होतं. निमियानं रबराची बारीक नळी भोकातून आत सरकवली, दुसरं टोक स्वतःच्या तोंडात धरलं आणि जीव खाऊन ओढलं. थुंकलं. परत ओढलं. तिसऱ्या वेळी काहीतरी सुटलं आणि पोरीनं असा श्वास घेतला की खाट हलली.

निमिया खाटेच्या कडेला बसली आणि तिनं तोंड पुसलं. देओलिंदामावशी धावत आली होती, तिचा हात तोंडावर.

"डॉक्टरीणबाई... पोरीच्या हाताकडं बघा."

लिब्रादाच्या मनगटावर घंटी होती. निमियानं बांधलेली चकचकीत नव्हे. मातीनं माखलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली. पोरीनं हात हलवला आणि ती खड्-खड् वाजली.

"ही कुणी बांधली, बाळा?" निमियानं विचारलं.

लिब्रादानं दोन बोटं ओठांवर धरली, गाल आत ओढून धूर सोडल्यासारखं केलं. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन टोपली सावरली. देओलिंदानं छातीवर क्रूस काढला आणि ती तिथंच रडायला लागली.

निमिया उठली आणि साहेबांच्या खोलीचं दार न ठोकता आत शिरली. पुष्कळ बोलायचं होतं तिला. वर्षभराचं साठलेलं. पण साहेब झोपलेले नव्हते. गार हवेत घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते, दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"बंद करा ते," ते म्हणाले. "इन्स्फ्रानबाई, माझ्या कानात काहीतरी शिरलंय. किडा असेल. बघा... जरा बघा ना."

डॉक्टर ती डॉक्टर. तिनं त्यांना खिडकीशी बसवलं, कपाळावर आरसा चढवला, कापूस काढून कानात पाहिलं. पडदा स्वच्छ, मोत्यासारखा. किडा नाही, मळ नाही. मग तिनं ती जुनी रबरी नळी घेतली, जिचं एक टोक रुग्णाच्या कानात आणि दुसरं आपल्या कानात घालतात. आणि ऐकलं.

आत शीळ वाजत होती. आत जाताना उंच, बाहेर येताना खाली.

तिनं नळी काढली. "किडा नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे काय आहे ते."

"थांबवा. तुम्ही सर्जन आहात. कापा काहीही."

"मशीन परत आणा. घंट्या परत द्या. आणि तिच्या मरणाचं खरं कारण लिहा. थांबेल की नाही, ते मला माहीत नाही. पण हे तुम्ही करणार आहात."

त्यांनी केलं. संध्याकाळपर्यंत मशीन आलं, घंट्या आल्या, खरं कारणही लिहिलं. वॉर्डातली शीळ त्या दिवसापासून बंद झाली. साहेबांच्या कानातली झाली नाही. ते नोकरी सोडून राजधानीला गेले, मोठमोठ्या डॉक्टरांना कान दाखवले. सगळ्यांनी सांगितलं, कान उत्तम आहे.

लिब्रादाच्या गाठी पावसाळ्याआधी साफ झाल्या, नळी निघाली. पहिला शब्द तिनं घोगऱ्या आवाजात काढला, "चिपा." तिच्या आईला हसू आणि रडू एकदम आलं. जाताना पोरीनं ती मातीनं माखलेली घंटी निमियाला परत दिली. निमियानं ती आपल्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. रोज सकाळी आली की एकदा तिला बोट लावायची आणि कामाला लागायची.

पुढच्या जानेवारीत, जेवण उरकून ती टेबलाशी बसली होती. फोन वाजला.

"इन्स्फ्रानबाई, रेकाल्दे बोलतोय." आवाज हलका, पोरासारखा खुललेला. "थांबली. ऐकताय ना? शीळ थांबली. आत्ताच. काही नाही आता, एकदम शांत. वर्षभरात पहिल्यांदा..."

शीळ थांबली म्हणजे दार बंद झालं. त्या माणसावर निमियाचा राग होता, अजूनही होता, पण ती आपोआप उठून उभी राहिली.

"साहेब, घरात कोण आहे? कुणाला तरी हाक मारा. दार उघडा. आत्ता."

"कुणी नाही. दुपार आहे, सगळे झोप... बाई, मला... आवाज..." आणि पुढचं आलं नाही. शब्द तुटला नाही, नुसता वारा संपावा तसा संपला.

"साहेब? रेकाल्देसाहेब?"

फोनमध्ये काही पडल्याचा आवाज आला. मग शांतता. निमियाची नजर समोरच्या भिंतीवर गेली. खिळा रिकामा होता. सकाळीच तिनं त्या घंटीला बोट लावलं होतं.

आणि फोनमध्ये, लांब राजधानीतल्या कुठल्याशा बंद खोलीत, घंटी वाजायला लागली. खड्-खड्. खड्-खड्. कुणीतरी जिवाच्या आकांतानं मनगट हलवत होतं. निमिया फोनमध्ये ओरडत राहिली, पण तिथं ऐकणारं कोण होतं? सगळं शहर दारं लावून झोपलं होतं.